पूज्य

हाय विकम, सकाळी सव्वासात. शटर अर्धं वर.
दरीवर दोन लाल घारी
थंड हवेत ऊब शोधत घिरट्या घालतायत.
मी स्विच दाबते. राउटर जागा होतो
आणि त्याला काही म्हणजे काही आठवत नाही.

काल काय कापलं, कुठल्या कोपऱ्यापासून मोजलं,
सगळी पाटी कोरी.
चाचपडत मागे जातो, डावीकडे, अजून डावीकडे,
टक्.
तेवढं त्याचं घर.
त्या स्विचवर भुसा साठला
की घरही अर्धा मिलिमीटर सरकतं,
म्हणून आधी ब्रश, मग बाकीचं.

पण यंत्राचं घर म्हणजे कामाचं शून्य नव्हे.
ते फळीगणिक नव्यानं लावायचं, आपल्या हातानं.

आमच्या शाळेत शून्याला पूज्य म्हणत.
"शेजवळ, पूज्य मिळालंय तुला,"
आणि वहीत लाल शाईचा भोपळा, देठासकट.
मला त्या देठाचा जास्त राग यायचा.

आजची फळी अक्रोडाची. एकच आहे.
ग्लेनिसबाईंच्या परसातलं झाड वादळात पडलं,
त्यातून बाकाची पाठ निघेल एवढंच धड लाकूड निघालं.
अक्षरं त्यांनी स्वतः लिहून दिली:
आयव्हर इथे बसून कुरकुरत असे.
"'असे' नीट येऊ द्या," म्हणाल्या. "त्यातच सगळं आहे."

मंगळवारी मी प्लेट न ठेवताच
प्लेटची बारा मिलिमीटर जाडी धरली होती.
कटर नावाच्या पाटीतून आरपार, खालच्या पाटापर्यंत.
पाइनची होती, दुसरी मिळाली.
तो आवाज अजून दाढेत आहे.

कड शोधायची तर पिन टेकवायची.
पण टेकलं तिथे कड नसते,
म्हणजे, आपण तिथे नसतो:
आपला मध्य असतो अजून तीन मिलिमीटर अलीकडे.
स्पर्श झाला तरी त्रिज्या उरतेच.
ती मिळवायची. विसरलं
की आख्खं वाक्य तेवढं वाकडं बसतं.

आणि खोली. खोलीला मी यंत्राचं ऐकत नाही.
हेलॉक खुर्च्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला,
डॉक्टरनं दटावल्यावर सिगारेट सुटली,
वळायचे कागद सुटले नाहीत.
पाकीट माझ्या खणात ठेवून म्हणाला,
आता हे फक्त शून्यासाठी.

स्पिंडलची वायर काढलेली.
चिमटीत कागद, कटरच्या टोकाखाली,
मागे-पुढे, मागे-पुढे,
दुसऱ्या हातानं एक-एक शतांश खाली.
सरकतो.
सरकतो.
सरकतो.
इथे श्वास घ्यायचा नाही, हेलॉकही घेत नाही,
बाहेर कुणाची तरी व्हॅन मागे येतेय, पीं पीं पीं,
सरकतो.
अडखळतो.

तसूभर नव्हे, सूतभर नव्हे,
सिगारेटच्या कागदाएवढं
लाकूड आणि पोलाद यांच्यातलं अंतर.
तेवढं वजा करते.

पडद्यावर तीन शून्यं,
गुरुजींच्या भोपळ्यांसारखी, फक्त बिनदेठाची.
मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघते.
मग कटर वर उचलते, आणि एकदा हवेतच
सगळं वाक्य लिहून घेते.
आयव्हर हवेत कुरकुरतो. कोपरे बरोबर येतात.

वायर जोडते.
पहिलं अक्षर आय: नुसती एक उभी रेघ.
तिच्यातच सगळं कळतं.
थांबवते.
हेलॉक वाकून रेघेत नख घालतो,
वरून खाली नेतो, खालून वर,
भुसा फुंकतो,
काही बोलत नाही.
किटली लावायला जातो.